हिरवळीला भोकं पाडायचे दिवस

सन दोन हजार चोवीस. मला तेव्हा एकाहत्तर पुरी झाली होती अन् क्लबातले लोक मला अजून हेडमाळीच म्हणत होते. रिटायर व्हायचं वय कधीचंच निघून गेलं होतं. पण दर वर्षी साहेब लोक म्हणायचे, मारोतराव, आणखी एक साल. मी म्हणायचो, बरं. खरं सांगायचं तर त्यांनी म्हटलं नसतं तरी मी गेलो असतो असं काही नाही.

आता पुन्हा पोळा तोंडावर आलाय. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलो की वाऱ्यासोबत एक वास येतो. पाणी पिऊन पिऊन पोट भरलेल्या मातीचा वास. आता तिच्यात थेंब मुरत नाही, पाणी नुसतं वर बसून राहतं. या दिवसांत लोकांना पुरणपोळी आठवते, पळसाच्या फांद्या आठवतात, पोरांचे लाकडी बैल आठवतात. मला भोकं आठवतात. चार नंबरच्या ग्रीनवरची, ओळीनं पाडलेली, बोटभर रुंद अन् वीतभराला जराशी कमी खोल.

ज्यांनी गोल्फचं मैदान पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं मैदान नऊ होलांचं. प्रत्येक होलाच्या शेवटी एक गोल हिरवा तुकडा असतो, त्याला ग्रीन म्हणतात. तिथे एक छोटा खड्डा, अन् त्यात बॉल हळूच लोटायचा. गवत तीच आपली दुब, गणपतीला वाहतो ती, फक्त जातवान. ती रोज कापून तांदळाच्या दाण्याएवढी ठेवायची. रोज म्हणजे रोज. घरी लग्न असो की मयत असो, दुब थांबत नाही. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मी सकाळी दोन ग्रीन कापून मग उमरेडच्या गाडीत बसलो होतो. बायको अजून ऐकवते.

त्या तुकड्यावरून दिवसभर माणसं चालतात, मशीन फिरतं, रोलर फिरतो. माती दबते, गच्च होते. वरून मेलेल्या गवताचा नमदा, घोंगडीसारखा थर साचतो. खाली आपली काळी माती. ती पावसात फुगून बसते अन् उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत मनगट जावं. मधे मुळं बिचारी कोंडलेली. म्हणून सालातून एकदा पोकळ नळीनं मातीच्या कांड्या उपसून काढायच्या अन् त्या भोकांत धुतलेली रेती भरायची. मुळाला हवा मिळते, पाण्याला वाट मिळते. एवढीच गोष्ट. पण तीन आठवडे ग्रीन असं दिसतं की जसं लेकराला गोवर आला, अन् त्यावर बॉल बेडकासारखा उड्या मारतो. मेंबर लोकांना हे तीन आठवडे सोसत नाहीत.

मी चौथी पास. चौथी पास म्हणजे चौथीच्या वर्गातून पास होऊन बाहेर पडलो, अन् परत गेलो नाही. बाप कोष्टी, घरात हातमाग. विसाव्या वर्षी नागपूरला आलो अन् या मैदानात लागलो, तेव्हा गवत कापायचं यंत्र बैल ओढायचे. चांद्या अन् हिऱ्या. त्यांच्या खुरांनी हिरवळ उखडू नये म्हणून चांभाराकडून कातड्याचे जोडे शिवून घेतलेले. आठ जोडे. रोज सकाळी मी खाली बसून त्या बैलांच्या पायात जोडे चढवायचो अन् नाड्या बांधायचो. माझ्या स्वतःच्या पायात तेव्हा जोडा नव्हता. पण मला कधी वाईट वाटलं नाही, उलट चारचौघांत सांगायला बरं वाटायचं की माझे बैल जोडे घालतात.

तेव्हापासून मैदानात एक नियम. पोळ्याच्या दिवशी जमिनीत लोखंड घालायचं नाही. खुरपं नाही, कात्री नाही, मशीन नाही. बैल गेले, डिझेलचं इंजिन आलं, ते जाऊन बॅटरीचं आलं, नियम मी चालूच ठेवला. तो कोणी लिहून दिलेला नव्हता, म्हणून कोणाला खोडताही आला नाही.

तर त्या साली भोकं पाडायचं मोठं मशीन बाहेरगावाहून भाड्यानं मागवलं होतं. एका दिवसात नऊ ग्रीन करतं. आमचे सेक्रेटरीसाहेब टापटिपीचे माणूस, सरकारी कचेरीतून निवृत्त. त्यांनी बरोबर सोमवार धरला, कारण सोमवारी क्लब बंद. ट्रक फाटकातून आत आला, अन् मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, आज पोळा आहे."

"अहो मारोतराव, म्हणूनच तर! मैदानात कोणी नाही. दिवसभरात उरकून जाईल."

"आज लोखंड मातीत जात नाही."

"हे काय शेत आहे का?"

"बैल तर होते ना इथं."

"बैल जाऊन तीस वर्षं झाली, मारोतराव!"

"मंग? तुम्ही वडलांचं श्राद्ध करता का नाही? का तीस वर्षं झाली म्हणून सोडून देलं?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मशीनवाला म्हणाला, मला उद्या रायपूरला पोचायचं आहे, पुढची तारीख थेट दिवाळीनंतर. मी म्हटलं, जा मग. आमच्या माळ्यांनी तोवर मशीनला झेंडूची माळ घातली होती, हळदीकुंकू लावलं होतं. मशीनवाल्यानं त्याच्यासोबत फोटो काढून घेतला, माझ्या घरच्या डब्यातली पुरणपोळी खाल्ली अन् ट्रक उलटा वळवून निघून गेला. एक भोक न पाडता.

पोळ्याचं ते मी आजही मागे घेत नाही. आता साहेब मशीनची तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर घेऊन माझ्याकडे येतात, त्यात काय ते समजा.

पण घरी गेलो तर बायको सुमन चुलीपुढून म्हणाली, "काहून अडून बसले जी? मशीनले का पोळा समजते?"

"तिले नाही समजत. मले समजते."

"अन् आता भोकं कशानं पाडता? नखानं?"

जेवताना मी नुसती कढी मागून घेत राहिलो.

त्या दिवसांत पाऊस सर टाकून जायचा अन् मग चटक ऊन पडायचं. भादव्यातलं ते ऊन मला आवडतं. हिरवळीवरून वाफ निघते, कोतवाल पक्षी तारेवर बसून शेपटी हलवतो, किडे वर येतात. पण त्या साली वाफेला वास होता. मी चार नंबरवर ओणवा होऊन नाक लावलं. तुंबलेल्या मोरीचा वास. अशी माती पुढच्या मे महिन्यापर्यंत तगत नाही. आपल्याकडे पारा छेचाळीसला जातो, तेव्हा ज्या मुळानं खाली जायला वाट धरली असेल तेच वाचतं. बाकी सगळं गवत आठ दिवसांत तांबडं.

मेंबर लोकांचं म्हणणं निराळं. दिवाळीनंतर कप, म्हणजे क्लबाची मोठी स्पर्धा होती. सीताबर्डीला कापडाचं मोठं दुकान असलेले एक शेठ आहेत, क्लबात त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "मारोतभाऊ, मशीन तुम्हीच परत भेजली. आता या साली छेद-बिद काही नाही. कप होऊ द्या."

सेक्रेटरीसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, मला ते सगळं समजावता येणार नाही. रविवारी सगळे येतील. तुम्हीच सांगा. त्यांनी हो म्हटलं तर करा, नाही तर विषय संपला."

मी आयुष्यात भाषण केलेलं नाही. सत्कारात शाल घेतली तेव्हासुद्धा नुसते हात जोडले. रविवारी गणपतीचा दुसरा दिवस होता. पंचवीसतीस जण चार नंबरच्या कडेला चहाचे कप घेऊन उभे. मी खड्डा कापायचं गोल पातं घेतलं, ग्रीनमधे दाबलं, फिरवलं अन् मातीचा वीतभर उभा गट्टू बाहेर काढला. तो मधून मोडला अन् शेठजींच्या हातात ठेवला.

शेठजींनी नाकापाशी नेला अन् झटकन रुमाल काढला. "अरे बापरे! हे काय सडलं?"

"तुमचं ग्रीन."

गट्टू हातोहात फिरला. वर दाण्याएवढं हिरवं, त्याखाली नमदा, अन् त्याखाली काळी शाईसारखी रेघ. छातीच्या डॉक्टर असलेल्या एक बाई मेंबर आहेत, त्यांनी चष्मा वर करून पाहिलं अन् म्हणाल्या, "मुळं इथेच थांबलीत की. खाली एकही नाही."

"खाली जातीन कशी बाई? श्वास कोंडला तिचा. तुमच्याकडे असा पेशंट आला तर तुम्ही का म्हणता, दिवाळी होऊ दे, मग या?"

लोक हसले. मला जरा धीर आला. शेठजींकडे वळलो.

"शेठ, उन्हाळ्यात गिऱ्हाईक तुम्हाले कोणतं कापड मागते? सुती का पॉलिस्टर?"

"सुती. आणखी काय?"

"काहून?"

"हवा लागते. घाम सोकून घेते."

"हे ग्रीन पॉलिस्टर झालं. वर चमकते, आत जीव गुदमरते. आमच्या घरी माग होता. बाप सांगे, बाणा, म्हणजे आडवा धागा, असा ठोक की कापड तंग बसलं पाहिजे, पण फुंकर मारली तर पार गेली पाहिजे. या मातीत मारा बरं फुंकर."

अन् शेठजींनी खरंच त्या ढेकळावर फुंकर मारली. ते माणूस म्हणून कसे आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

एक तरणे मेंबर म्हणाले, परदेशातली मैदानं मी टीव्हीवर पाहतो, तिथे कुठे भोकं दिसत नाहीत. मी म्हटलं, "लग्नाचा फोटो पाहून मांडवात भांडी कोणी घासली ते समजते का, साहेब? भोकांचे दिवस ते दाखवत नाहीत." दुसरे म्हणाले, मग मार्चमधे करा, कप होऊन जाईल. त्यांना मी बसून सांगितलं, कारण प्रश्न बरा होता. मार्चात केलं तर भोकं भरता भरता एप्रिल येतो अन् आपल्या गावची झळ त्या भोकांतून सरळ मुळाशी शिरते. आषाढात केलं तर रेती वाहून जाते. थंडीत दुब झोपलेली असते, जखम भरत नाही. आपल्याकडे पोळा ते दसरा, एवढीच खिडकी. माती ओली, ऊन सौम्य, दुब जोरात. पुण्या-बंगलोरच्या तारखा इथे चालत नाहीत. इथला सूर्य कोणाचं पुस्तक वाचत नाही.

शेवटी तोड निघाली. फक्त चार नंबर. हातानं. तीन आठवड्यांनी शेठजी स्वतः त्यावर बॉल लोटून पाहतील. बॉल सरळ गेला तर पुढचं बोलू.

"अन् उडाला तर?" शेठजी हसत म्हणाले.

"तर हे खुरपं तुमच्या हातात ठेवतो अन् घरी जातो. या सालापुरता नाही, कायमचा."

कोणी मागितलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. साहेब म्हणाले, अहो असं कशाला. पण निघालेला शब्द मी गिळत नाही, तशी मला सवय नाही.

लोहाराकडून दोन पोकळ नळ्यांचं एक असं हत्यार करून घेतलं, वर धरायला आडवी दांडी, खाली पाय द्यायला पट्टी. अशी चार. पायानं दाबायचं, वर उचलायचं, मातीच्या दोन कांड्या टप्पकन बाहेर. पुन्हा चार बोटं पुढे. आम्ही सात जण, दोन दिवस. टाच सुजली. पण तो आवाज! माती सोडताना जी हलकी 'टच्च' होते ना, ती ऐकली की वाटतं खाली कोणी सुस्कारा सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मॅडम फिरायला आल्या, ग्रीनवर हजारो काळ्या कांड्या पडलेल्या पाहून लांबूनच ओरडल्या, "मारोतराव, शेळ्या घुसल्या हो! सगळीकडे लेंड्या!" आमचा एक माळी हसता हसता खालीच बसला.

मग कन्हान नदीची रेती. चाळलेली, धुतलेली, टिनावर वाळवलेली. ती पसरून खराट्यानं आडवी-उभी घासायची, भोकात शिरेपर्यंत. भोक भरलं की बोटानं दाबून पाहायचं. सारवताना बाया कोपरे सोडत नाहीत, तसं मी एकही भोक सोडलं नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी जगलो कसा ते मलाच ठाऊक. महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. गणपती गेले. मी रोज चार नंबरवर पोटावर आडवा पडून पाहायचो. दुबीचा एक धागा भोकावर आला. दुसऱ्या दिवशी समोरून एक. मग दोघांची गाठ. मेंबर येता-जाता विचारायचे, काय मारोतराव, खुरपं धुऊन ठेवलं ना? मी म्हणायचो, तुमचा बॉल धुऊन ठेवा. घरी सुमनला सांगायचो, आज इतकं भरलं, आज तितकं. ती म्हणाली, "माह्या तोंडाकडे एवढं पाह्यलं असतं तं मी सुदी हिरवी झाली असती."

मधेच एका दुपारी आभाळ फुटल्यासारखा पाऊस झाला. थांबल्यावर छत्री घेऊन गेलो. पाच नंबरच्या ग्रीनवर तळं, अन् त्यात साळुंक्या आंघोळ करून राहिल्या होत्या. चार नंबरवर चहा थंड होईपर्यंतसुद्धा पाणी थांबलं नव्हतं. मी तिथे एकटाच उभा होतो, मला नाचता येत असतं तर नाचलो असतो.

घट बसल्यानंतरचा रविवार. पुन्हा तेच लोक, तेच चहाचे कप. शेठजींनी जोड्याची नाडी घट्ट केली, दहा पावलांवर बॉल ठेवला, दोनदा वाकून पाहिलं. बॉल निघाला. डगमगला नाही, उडाला नाही, परातीत सुपारी फिरावी तसा सुळसुळ गेला, कडेला जरा थबकला अन् आत पडला. डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. एका साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या क्षणी मी एकाहत्तर वर्षांचा नव्हतो, सांगतो तुम्हाला.

अन् शेठजी हात मिळवता मिळवता म्हणाले, "मान गए, मारोतभाऊ. पण त्या दिवशी मशीन चालू दिली असती, तर आज नऊच्या नऊ असे असते."

खरं होतं ते. खरं होतं म्हणूनच लागलं. लगेच चारपाच जण म्हणाले, मग आता बाकीचे करा, मारोतराव, जेवढे होतील तेवढे करा, कपाचं पाहून घेऊ. हेच तर मला पाहिजे होतं. पण मी सरळ तोंड करून म्हणालो, "आता नाही होत. वेळ गेली. दुब झोपाले लागली. आता पुढच्या साली."

सगळे मान हलवून म्हणाले, मारोतराव म्हणतात तर तसंच असेल.

महिनाभर आधी हेच लोक मला दहा प्रश्न विचारत होते. त्या दिवशी एकानंही विचारलं नाही. मी स्वतःच त्यांना शिकवलं होतं, पोळा ते दसरा. दसरा अजून आठवड्यावर होता. दुब जागी होती, मी सकाळीच पाहिली होती. मला आयुष्यभर वाटायचं की या शिकल्यासवरल्या लोकांनी एकदा माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. त्यांनी ठेवला, अन् मी पहिली गोष्ट केली ती खोटं बोलायची. नाकासाठी. पोळ्याच्या दिवशी अडलो तो बैलांसाठी, त्याची मला लाज नाही. रविवारी अडलो तो कोणासाठीच नाही.

घरी आलो. सुमननं विचारलं, जमलं का? मी म्हटलं, जमलं. तिनं साखर आणून हातावर ठेवली. गोड लागली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी सगळं सांगितलं. ती नुसतं म्हणाली, "पाच नंबरवर तं साळुंक्या न्हात होत्या म्हणता ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो अन् मेट्रोनं सीताबर्डीला गेलो. शेठजींचं दुकान उघडतच होतं. नोकर शटर वर करत होता, बाहेर नवरात्रीच्या लुगड्यांसाठी बाया आधीच उभ्या. शेठजी गल्ल्यापाशी उदबत्ती लावत होते. मला पाहून म्हणाले, "अरे, मारोतभाऊ? इकडं कुठं?"

मी पायरीवरूनच म्हटलं, मोठ्यानं, म्हणजे नंतर फिरवता येऊ नये, "शेठ, काल मी खोटं बोललो. दुब जागीच आहे. दसऱ्यापर्यंत भोकं चालतात. पाच, सहा अन् आठ, तीन होतात. बाकीचे हुकले, ते माझ्या हट्टानं."

बाया माझ्याकडे पाहू लागल्या. शेठजींनी उदबत्ती खोचली, हात झटकले अन् म्हणाले, "मग इथं काय करून राहिले? जा ना!"

मी गेलो. दहाच्या आत पाच नंबरवर पहिली नळी दाबली होती.